शिगेची पायली

मावळातलं खळं. इंद्रायणी भाताची झोडणी उरकली आहे, वारवून स्वच्छ झालेली रास सारवलेल्या जमिनीवर उभी आहे. हळदकुंकू वाहून झालं, नारळ फुटला. आबा उकिडवे बसतात आणि पितळी पायली राशीत खुपसतात. थोरला पोत्याचं तोंड धरून उभा.

"लाभ!" पहिली पायली पोत्यात पडते. एक म्हणायचं नाही. मग दोन, तीन, चार. बारा झाल्या की धाकटी नात एक खडा बाजूला ठेवते: मण झाला. असे वीस खडे जमले की खंडी.

मला आबांचे हात बघायचे आहेत. पायली काठोकाठ भरली तरी ते थांबत नाहीत. ओंजळीने वरून दाणे सोडत राहतात आणि शीग चढत जाते. भाताचा दाणा खरबरीत, एकमेकांना धरून राहणारा, म्हणून ती उंच उभी राहते. मोहरी असती तर केव्हाच घसरली असती. भास्कराचार्यांनी हे गणितात बसवलं आहे. ११५०च्या सुमाराच्या 'लीलावती'त राशीचा नुसता परीघ मोजून धान्य किती ते काढायची रीत आहे. जाड धान्याच्या राशीची उंची परिघाचा दहावा भाग, बारीक धान्याची अकरावा, कुसाच्या धान्याची नववा. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करायचा, उंचीने गुणायचं, की घनफळ हाती. खारी हे मापही तिथे आहे: हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल. तिचा सोळावा भाग द्रोण, त्याच्या चौथाईचा आढक, मग प्रस्थ, मग कुडव. खळ्यावर उभं राहून बारकाईने पाहिल्याशिवाय असं लिहिता येत नाही, असं मला मनापासून वाटतं.

इथली मापं दुपटीने वाढतात. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. म्हणजे पायलीत चार शेर.

"पायली म्हणजे किती किलो, आबा?" सूनबाई विचारते.

"कशाची पायली, ते सांग आधी."

बरोबरच आहे. पायली जागा मोजते, वजन नाही. टरफलासकट भाताची पायली हलकी; तोच भात सडून तांदूळ केला की तीच पायली जड. ऑक्टोबर १९५८पासून दशमान वजनं लागू होत गेली आणि दुकानातला शेर गेला. खळ्यावरची पायली टिकली.

या मापाने माणसांना नाडलंही आहे. देताना सपाट, घेताना शिगोशीग. खंडाचं भात घालणाऱ्या कुळांनी ही चलाखी पिढ्यान्पिढ्या सोसली. काठावरून हात फिरवायचा की नाही, एवढ्यावर कुणाच्या तरी घरातले जेवणाचे दिवस कमी होत. म्हणून आबांचा हात मी इतका निरखून पाहतो आहे. घरच्या पोत्यात जाणाऱ्या पायलीवर शीग बेताची आहे.

गुरव येतो, धोतराचा सोगा पसरतो. आता आबा दोन्ही ओंजळी राशीत घालतात. दाणे काठावरून ओघळायला लागेपर्यंत शीग चढवतात, पायली ओततात, लगेच दुसरी भरायला घेतात.

"आबा, एकच असते माझी."

"यंदा पाऊस वेळेवर लागला. धर नीट, सांडेल."