सेंट अँड्र्यूज: गावाच्या मालकीचं मैदान

गोल्फ म्हटलं की आपल्याकडे आधी क्लबचं बंद फाटक डोळ्यांपुढे येतं. खारघरला सिडकोनं उभारलेल्या मैदानासारखे अपवाद थोडेच. म्हणूनच स्कॉटलंडला जाणाऱ्यानं, आयुष्यात गोल्फची काठी हाती धरली नसली तरी, सेंट अँड्र्यूजचा ‘ओल्ड कोर्स’ पाहावा. ‘ओपन’ ही गोल्फची मानाची स्पर्धा तीस वेळा भरवणारं हे जगविख्यात मैदान सार्वजनिक आहे.

हा हक्क गावानं जपून ठेवलेला आहे. १५५२ च्या सनदेत आर्चबिशप हॅमिल्टन यांनी या वाळवंटी किनारपट्टीवर ससे पाळण्याची परवानगी मिळवली, पण गावकऱ्यांचा इथे गोल्फ खेळण्याचा हक्कही त्याच कागदात मान्य झाला. १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेनं जमीन विकली आणि ती सशांच्या व्यापाऱ्यांकडे गेली. सशांनी मैदान पोखरलं, गोल्फवाले चिडले, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी १८२१ मध्ये जेम्स चीप या शेजारच्या जमीनदारानं ती विकत घेऊन खेळ वाचवला. आज १९७४ च्या कायद्यानं नेमलेलं विश्वस्त मंडळ इथली सात मैदानं सांभाळतं.

खेळायचं असेल तर सोडतीत नाव घालावं लागतं. दोन ते चार जणांचा गट करून, खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत अर्ज भरायचा. एकट्यासाठी वेगळी सोडत असते. हँडिकॅपचा, म्हणजे खेळाच्या पातळीच्या आकड्याचा, दाखला हवा आणि उन्हाळ्यात माणशी तीनशे पौंडांच्या वर शुल्क. नंबर लागेलच असं नाही, त्यामुळे एका दिवसाच्या भरवशावर जाऊ नये. तीन-चार दिवस हाताशी ठेवावेत. नाव नाही आलं तर शेजारचा १८९५ चा ‘न्यू कोर्स’ आहे, आणि तो मुळीच दुय्यम नाही.

माझ्या मते मात्र खरा दिवस रविवार. मोठी स्पर्धा नसेल तर त्या दिवशी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि गाव तिथे फिरायला येतं. कुत्री मोकळी धावतात, म्हातारी माणसं बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांच्या, कडेनं चालतात. स्विल्कन ओढ्यावरचा तो चिमुकला दगडी पूल तेव्हा निवांत पाहता येतो. मग सतराव्या होलपाशी जाऊन उभं राहावं. हिरवळीला खेटून खोल, उभ्या भिंतीचा बंकर, पलीकडे डांबरी रस्ता आणि रस्त्याला लागून दगडी भिंत. चेंडू रस्त्यावर गेला तर उचलून घेता येत नाही, डांबरावरूनच मारावा लागतो. या एका होलवर किती नामवंतांचे किताब हुकले, ते तिथे उभं राहिल्यावरच उमगतं.

एडिंबरोहून रेल्वेनं तासाभरात लूकर्स स्थानक येतं, तिथून बसनं पाव तास. वारा जूनमध्येही झोंबतो, जाकीट घ्यावंच. मुलं बरोबर असतील तर ‘हिमालयाज’ चुकवू नये: उंचसखल हिरवळीचं हे पटिंगचं मैदान १८६७ मध्ये स्थापन झालेल्या महिलांच्या क्लबचं आहे, पण ठरावीक वेळेत थोड्या पैशांत ते कोणालाही खेळता येतं. काठी आणि चेंडू तिथेच मिळतात.