दुखण्याच्या आधीची गोळी

सातपुड्यातल्या आश्रमशाळांमध्ये मुलींशी पाळीविषयी बोलायला मी गेली अनेक वर्षं जाते आहे. तिथे एक प्रश्न हमखास विचारते, "पोटात दुखतं तेव्हा गोळी कधी घेता?" आधी माना खाली जातात, मग खुसखुस होते, आणि कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतं, "ताई, अगदीच सहन झालं नाही की." वसतिगृहाच्या अधीक्षिका तेच सांगतात, मुलीला दवाखान्यात घेऊन येणाऱ्या आयाही तेच. गोळी हा शेवटचा उपाय, तोवर दात दाबून पडून राहायचं. शहादा-नंदुरबारच्या सुशिक्षित घरांतही याहून निराळं ऐकायला मिळत नाही. घोटाळा नेमका इथेच होतो. पाळीच्या दुखण्यावरची गोळी उशिरा घेतली तर तिचं निम्मं काम हुकलेलं असतं. ते का, याची गोष्ट मला इतकी आवडते की ती जरा ऐसपैसच सांगते.

१९३० साली न्यूयॉर्कमध्ये कर्झरॉक आणि लीब या दोन संशोधकांना दिसलं की पुरुषाच्या वीर्यातला काही पदार्थ लागला की गर्भाशयाच्या स्नायूची पट्टी आकसते किंवा सैलावते. पुढे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी त्या पदार्थाला नाव दिलं प्रोस्टाग्लँडिन. तो प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावा असा त्यांचा अंदाज होता. अंदाज चुकला, नाव मात्र चिकटलं. बायकांच्या सगळ्यात जुन्या दुखण्याच्या मुळाशी असलेल्या रसायनाला पुरुषाच्या ग्रंथीचं नाव मिळालं ते असं.

यानंतर या गोष्टीत माझा आवडता माणूस येतो. इंग्लंडमधल्या शेफील्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ व्ही. आर. पिकल्स यांनी, जे कुणी हातात घ्यायला तयार नव्हतं, ते पाळीचं रक्तच तपासायला घेतलं. स्नायूला आकसायला लावणारं काहीतरी त्या स्रावातच आहे, हे त्यांनी १९५७ मध्ये मांडलं आणि ते प्रोस्टाग्लँडिनच आहे हे पुढच्या काही वर्षांत उलगडलं. हा शोध मला फार मोठा वाटतो. 'नाजूक आहे', 'मनाचे खेळ आहेत', 'लग्न झालं की थांबेल' असं ज्या कळांबद्दल पिढ्यान्पिढ्या म्हटलं गेलं, त्या कळांचं कारण बाटलीत दाखवता येतं हे त्यांनी सिद्ध केलं.

घडतं ते असं. गर्भ राहिला नाही की महिन्याच्या शेवटी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं आणि गर्भपिशवीचं आतलं अस्तर सुटायला लागतं. सुटता सुटता ते प्रोस्टाग्लँडिन तयार करतं आणि पिशवीचा स्नायू आवळतो. ज्या मुलींमध्ये ते जास्त तयार होतं, त्यांच्या पिशवीतला दाब रक्तवाहिन्यांतल्या दाबाच्याही वर जातो. मग स्नायूला रक्त पुरत नाही, प्राणवायू कमी पडतो आणि कळ येते. हृदयाला रक्त कमी पडल्यावर छातीत जे होतं, तेच इथे ओटीपोटात होतं. हेच रसायन रक्तातून आतड्यापर्यंत पोचलं की मळमळतं, उलटी होते, जुलाब लागतात. पाळीच्या पहिल्या दिवशी पोट बिघडलं की वसतिगृहात मुलीला विचारतात, "काल बाजारात काय खाल्लंस?" बाजाराचा त्यात काही दोष नसतो.

आता गोळी. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिन आणि त्याच्या जातकुळीतली औषधं प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. १९८२ चं नोबेल त्यांना स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन यांच्यासोबत मिळालं. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड ही याच घराण्यातली. एकदा तयार झालेलं रसायन ती पुसून टाकत नाहीत, नवं होऊ देत नाहीत. म्हणून गोळीची वेळ कळ कळसाला पोचल्यावरची नव्हे. रक्त दिसलं की लगेच, किंवा तारीख पक्की असेल तर आदल्या दिवसापासून ती सुरू करायची. प्रोस्टाग्लँडिनचा जोर पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत असतो, तेवढे दोन-तीन दिवस ठरल्या वेळी, काहीतरी खाऊन घ्यायची. मोठ्या मुलींना आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा हा नेहमीचा डोस, पण पहिल्यांदा डॉक्टरांना विचारून. पोटात अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दिवस गेल्याची शक्यता असेल तर ही गोळी नको. मेफेनॅमिक ॲसिडविषयी भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीला एक इशारा दिला होता. अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी एक तीव्र ॲलर्जी त्याने क्वचित होऊ शकते. बातमी आल्यावर अनेक जणींनी घाबरून गोळीच सोडली. तसं करायला नको होतं. पुरळ उठलं तर थांबवून दवाखाना गाठायचा, एवढाच त्या इशाऱ्याचा अर्थ.

या गोळ्यांनी सगळ्या जणी बऱ्या होतात का? नाही. ऐंशी चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने केलेल्या २०१५ च्या आढाव्यात औषध नसलेल्या खोट्या गोळीने शंभरातल्या १८ जणींना चांगला आराम पडला, तर या औषधांनी ४५ ते ५३ जणींना. उरलेल्यांचा विचार पुढे करावाच लागतो, तो मी करणार आहे.

त्याआधी शेकाबद्दल. आजीबाईंच्या बटव्यातलं म्हणून त्याला हसण्याचं कारण नाही. २००१ मध्ये एका चाचणीत पोटावर साधारण ३९ अंशांची उबदार पट्टी दिवसाचे बारा तास बांधून ठेवली, तर आयबुप्रोफेनच्या तोडीचा आराम मिळाला आणि दोन्ही एकत्र केल्यावर आराम लवकर सुरू झाला. गरम पाण्याची रबरी पिशवी नसेल तर मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी तव्यावर तापवून चालते. कपड्यावरून शेकायचं, कातडी भाजेल इतकं तापवायचं नाही. धडगावच्या बाजूला थंडीत चुलीपाशी पाठ करून बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना कुठल्याच चाचणीचा पत्ता नाही, पण त्या बरोबर आहेत. सुंठीचंही तसंच. इराणमध्ये दीडशे विद्यार्थिनींवर केलेल्या २००९ च्या प्रयोगात पाव ग्रॅम सुंठपूड दिवसातून चारदा तीन दिवस घेतली, तर ती मेफेनॅमिक आणि आयबुप्रोफेनच्या बरोबरीची ठरली. प्रयोग लहान आहे, पण सुंठ-गुळाचा चहा आपल्याकडे फुकटच्या भावात होतो.

हे सगळं मी जिथे सांगते, त्या नंदुरबार जिल्ह्याची ओळख थोडक्यात करून देते. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, बहुसंख्य लोकवस्ती आदिवासी. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची. खाली तापीचं सपाट रान, वर अक्कलकुवा आणि अक्राणीचे डोंगर, पलीकडे नर्मदा. पावसात चांदसैली घाटात दरड आली की धडगाव-तळोदा रस्ता बंद, आणि नर्मदाकाठच्या पाड्यांना बोटीतला तरंगता दवाखाना हाच आधार. अशा ठिकाणी 'दुखलं तर डॉक्टरकडे जा' हा सल्ला पुरत नाही. गोळी आधीपासून घरात, वसतिगृहात असली पाहिजे.

पण नंदुरबारमध्ये पाळीच्या दुखण्याकडे पाहताना जी गोष्ट मुंबई-पुण्याच्या डॉक्टरला सुचणार नाही, ती इथे आधी विचारायला हवी. या मुलीची सिकलसेलची तपासणी झाली आहे का? पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांत रक्ताच्या या आनुवंशिक आजारावर हयातभर काम केलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पाहण्यांत भिल्ल आणि पावरा समाजांत वाहकांचं प्रमाण शेकडा वीसच्या वर आढळलं. या आजारात हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक दुवा बदलतो, तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की कोयत्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडं, सांधे, पोट असह्य दुखायला लागतं. वाहकाला सहसा त्रास नसतो. दोन्ही आईवडिलांकडून हा गुण आलेल्याला असतो.

आता हे पाळीशी जोडून पाहा. सिकलसेल असलेल्या कितीतरी बायकांना दुखण्याचा झटका पाळीच्या दिवसांत येतो, हे वैद्यकीय अभ्यासांत नोंदलेलं आहे. रक्त जातं, उलटीने पाणी कमी होतं, मुलगी जेवत नाही, थंड फरशीवर पडून राहते. पेशी वाकायला याहून जास्त काय हवं? आई म्हणते पाळीमुळे दुखतं, डॉक्टर म्हणतात सिकलसेलमुळे, आणि मुलगी दोघांच्या मध्ये कण्हत असते. माझा आग्रह आहे की या मुलींच्या वहीत दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहाव्यात, पाळीची आणि झटक्याची. तीन-चार महिन्यांत चित्र दिसायला लागतं. एका आश्रमशाळेतल्या परिचारिकाबाईंनी हे आपणहून सुरू केलं होतं, शाळेच्याच हजेरीपटाच्या मागच्या पानांवर. ती पानं मी अधाशासारखी वाचली.

उपचारही इथे वेगळे पडतात. आयबुप्रोफेन सिकलसेलच्या मुलीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण या आजारात मूत्रपिंडं आधीच नाजूक असतात. भरपूर पाणी, ऊब आणि विश्रांती तिला इतरांपेक्षा जास्त लागते. आणि एक इंजेक्शन आहे. सरकारी दवाखान्यात २०१७ पासून 'अंतरा' नावाने मोफत मिळणारं, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं. ते मूल न राहण्यासाठी म्हणून ओळखलं जातं. पण १९८२ मध्ये जमैकातल्या डॉक्टरांनी याच औषधाचा सिकलसेलच्या बायकांवर अभ्यास केला तेव्हा दुखण्याचे झटके कमी झालेले दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांतही सिकलसेलच्या बाईला हे इंजेक्शन निर्धोक गटात आहे, तर इस्ट्रोजेनच्या गोळ्या त्याखालच्या गटात. अनियमित रक्तस्राव आणि हाडांची घनता कमी होणं हे त्याचे तोटे, म्हणून निर्णय डॉक्टरांचाच. पण लग्न न झालेल्या मुलीसाठी 'अंतरा' मागितलं की भुवया उंचावतात, आणि मला त्याचा राग येतो. दुखणं कमी करणारं औषध ते कशासाठी ओळखलं जातं यावरून नाकारू नये. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. त्या तपासणीच्या रांगेत पाळीचा एक प्रश्न विचारला तर किती सोपं होईल.

सिकलसेल नसलेल्या मुलीला गोळी पुरेना, तर पुढची पायरी संप्रेरकांच्या गोळ्यांची. सरकारी 'माला-एन'च्या पाकिटात एकवीस गोळ्या संप्रेरकांच्या आणि सात लोहाच्या असतात. अस्तर पातळ राहतं, प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होतं. त्यानेही भागलं नाही, दुखणं वर्षागणिक वाढत गेलं, पाळी नसतानाही किंवा शौचाच्या वेळी दुखलं, तर एंडोमेट्रिओसिसचा विचार हवा. पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणारा हा आजार प्रजननवयातल्या सुमारे दहा टक्के बायकांना असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. साध्या सोनोग्राफीत तो कित्येकदा दिसत नाही. 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणून मुलीला घरी पाठवलं की विषय संपत नाही.

पाळीच्या आधीचा त्रास हे निराळं प्रकरण. १९५३ मध्ये लंडनच्या डॉ. कॅथरिना डाल्टन यांनी रेमंड ग्रीन यांच्यासोबत त्याला 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' हे नाव दिलं. चिडचिड, रडू, स्तनांत जडपणा हे पुष्कळ जणींना होतं. पण थोड्या बायकांत महिन्यातला आठवडा-दहा दिवस इतका काळोख येतो की जीव नकोसा होतो, आणि पाळी आली की दोन दिवसांत आभाळ मोकळं. ओळखायची खूण हीच, आणि ती ओळखायला दोन पाळ्या रोजची नोंद ठेवावी लागते. मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात २०१३ पासून याला स्वतंत्र जागा आहे. सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन यांसारखी औषधं यावर चांगली लागू पडतात. नेहमीच्या नैराश्यात त्यांना आठवडे लागतात, इथे मात्र काही दिवसांतच फरक पडू शकतो, त्यामुळे काही जणींना ती फक्त पाळीआधीचे चौदा दिवसच देतात. सौम्य त्रासाला कॅल्शियमचा उपयोग होतो. १९९८ मध्ये ४६६ बायकांवरच्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमने तिसऱ्या पाळीपर्यंत लक्षणं ४८ टक्क्यांनी उतरली, खोट्या गोळीने ३० टक्क्यांनी. आपल्या नागलीत शंभर ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. भाकरी एकटी पुरणार नाही, पण नागली ताटात परत यावी असं मला मनापासून वाटतं. जीव नकोसा होत असेल तर मात्र थांबू नये. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलतात.

या दुखण्याला मजुरीचीही एक बाजू आहे. दिवाळी झाली की नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातच्या कारखान्यांकडे निघतात. बार्डोलीच्या उसाला खानदेशातले हात लागतात हे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकातच लिहून ठेवलंय. पालात राहायचं, पहाटे फडात उतरायचं, दुखतंय म्हणून बसलं की मजुरी बुडते. असा दबाव असला की 'पिशवी काढून टाका' हा सल्ला गोड वाटायला लागतो. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. त्यांतल्या अनेकींचं दुखणं गोळी, शेक, संप्रेरकं, नीट तपासणी या पायऱ्यांवर थांबलं असतं, याबद्दल मला शंका नाही. पस्तिशीच्या आत पिशवी आणि बीजकोश दोन्ही गेले तर हाडं ठिसूळ होणं, अंगातून वाफा येणं हे कितीतरी वर्षं आधी सुरू होतं. ऑपरेशनचा सल्ला मिळाला तर जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्यावं, कागद सोबत ठेवावेत, आणि टोळी निघण्याआधी आशाताईंकडून गोळ्या आणि तीन महिन्यांच्या तारखा मांडलेली चिठ्ठी घेऊन ठेवावी. फडावर गेल्यावर हे मिळवायला वेळही नसतो आणि दवाखानाही दूर असतो.