मुरलेली बल्ली

जाम हे फाट्याचं गाव. नागपूरहून निघालेला हैदराबादचा महामार्ग इथून सरळ हिंगणघाटाकडे जातो आणि चंद्रपूरचा रस्ता इथेच डावीकडे सुटतो. बल्लारपूरच्या आगारातला सागवान नागपूरकडे निघाला की याच रस्त्याने येतो. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी आलापल्लीच्या जंगलातला सागवान बल्लारपुरातून मिरवणूक काढून रवाना झाला, एवढा या लाकडाला मान. मला लिहायचं आहे ते मान नसलेल्या लाकडाबद्दल: निलगिरीची बल्ली, बांबू, पाइनची फळी. उधईच्या तोंडी पहिलं जाणारं हे लाकूड. पण औषध नीट मुरवलं, तर हेच लाकूड पावसात उभं राहतं.

या विषयात मी शिरलो तो कुंपणामुळे. आमच्या काळ्या जमिनीत कापूस-तूर वाचवायची तर रोही आणि रानडुकरांसाठी तार ओढावीच लागते, आणि तारेला बल्ल्या लागतात. एका विक्रेत्याने ‘औषध मारलेल्या आहेत’ म्हणून निलगिरीच्या हिरवट बल्ल्या दिल्या. दोन पावसाळे झाले आणि तिसऱ्यात एका डुकराच्या धक्क्याने ओळीतल्या तीन बल्ल्या जमिनीलगत मोडल्या. मोडलेल्या जागी पाहिलं तर नखाच्या जाडीएवढी हिरवी कड, आणि आत मऊ पांढरा भुगा. औषध मारलं होतं, हे खरंच होतं. ते मुरलं नव्हतं.

बल्ली मोडते ती नेहमी जमिनीलगत, वीतभर वर किंवा वीतभर खाली. खोल मातीत ओल असते पण हवा कमी, वर हवा असते पण ओल टिकत नाही. मातीच्या तोंडाशी दोन्ही भेटतात, आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला दोन्ही लागतात. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून फाटते. त्या भेगांतून ओल आणि उधई दोन्ही बल्लीच्या अंगाशी पोचतात. म्हणून खांबाच्या बुडाला डांबर फासण्याची जुनी रीत आहे. कोणी गाडीचं जळकं ऑइल चोपडतं, कोणी बूड जाळून कोळसा करून घेतं. हे सगळे उपाय वरवरचे. उन्हाने लाकडाला चीर पडली की शत्रू त्या चिरेतून आत शिरतो.

इथे लाकडाची अंतर्रचना समजून घेतली पाहिजे. ओंडका आडवा कापला की बाहेर फिकट कडं, म्हणजे ‘पांढरं’, दिसतं आणि मध्ये गडद गाभा. पांढऱ्यातून झाड जिवंतपणी पाणी वर नेतं. त्याच्या नळ्या उघड्या असतात, त्यात साखर आणि पिष्ट असतं. गाभ्यात झाड तेलं, राळ, कडवट द्रव्यं साठवतं आणि नळ्या बुजतात. सागवान टिकतो तो या गाभ्यामुळे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचे तुकडे मातीत अर्धे पुरून ते किती काळ टिकतात हे पाहिलं जातं. त्या चाचणीला ‘स्मशान चाचणी’ असंच म्हणतात. सरासरी १२० महिने किंवा त्याहून जास्त टिकलं तर पहिला वर्ग, ६० महिन्यांच्या आत गेलं तर तिसरा. सागवानाचा गाभा पहिल्या वर्गातला. सागवानाचं पांढरं मात्र दुसऱ्या कोणत्याही झाडाच्या पांढऱ्याइतकंच लेचंपेचं. कमी वयात तोडलेल्या सागवानात पांढरं जास्त असतं, आणि आरामशीनवर घनफुटाला सागवानाचाच भाव देऊन लोक ते घरी नेतात. चौकटीची एक कड पाच-सहा वर्षांत भुसभुशीत झाली की मिस्त्रीला बोल लावतात. दोष मिस्त्रीचा नसतो.

पण याच पांढऱ्याची दुसरी बाजू मला फार मोलाची वाटते. ज्या उघड्या नळ्यांमुळे पांढरं कीड-बुरशीला सोपं जातं, त्याच नळ्यांतून ते औषधही पितं. गाभा पीत नाही. म्हणून औषध पाजायला सगळ्यांत चांगली ती गोल बल्ली, जिच्याभोवती पांढऱ्याचं कडं अखंड आहे. ते पूर्ण भिजलं की बल्लीला चारी बाजूंनी चिलखत चढतं. निलगिरीचा गाभा औषध घेत नाही, आणि जमिनीत स्वतःच्या बळावर फार टिकतही नाही. तिची सगळी भिस्त या कड्यावर. तीच बल्ली कापून चौकोनी केली तर चिलखत भुशात जातं.

औषध पाजायची पद्धत जुनी आहे. १८३८ साली इंग्लंडमध्ये जॉन बेथेल याने दाबाखाली लाकडात तेल भरण्याचं पेटंट घेतलं. लाकूड आधी सुकवायचं, कारण पाण्याने भरलेल्या नळीत औषधाला जागा नसते. मग ते ट्रॉलीवरून लोखंडी टाकीत ढकलून दार घट्ट बंद करायचं. पंपाने आतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे लाकडाच्या नळ्यांतलीही हवा निघते. त्या निर्वात टाकीत द्रावण सोडायचं आणि वरून दाब द्यायचा. शेवटी पुन्हा हवा ओढून जादाचं द्रावण काढायचं. रेल्वेचे लाकडी स्लीपर असेच क्रिओसोट पिऊन रुळांखाली गेले. पंजाबात धिलवान आणि आसामात नाहरकटिया इथे त्यासाठी कारखाने होते. क्रिओसोट म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारं काळं तेल. जुन्या स्लीपरला आजही उन्हात तो वास येतो.

यानंतरचा मोठा टप्पा आपल्या देशात घडला, आणि शाळेच्या पुस्तकात तो असायला हवा होता असं मला वाटतं. डेहराडूनच्या त्याच संस्थेत सोंती कामेशम या शास्त्रज्ञाने १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. तांबं बुरशीला मारतं. आर्सेनिक उधईला आणि तांब्याला न जुमानणाऱ्या बुरशीला मारतं. क्रोमियम या दोघांना लाकडाशी असं बांधून ठेवतं की पावसाने ते सहज धुऊन जात नाहीत. आर्सेनिक आणि तांबं यांच्या रासायनिक खुणा जोडून त्याचं ‘आस्कू’ असं नाव पडलं. पुढे अमेरिकेतले विजेचे खांब, धक्के, घरामागचे लाकडी ओटे याच हिरवट लाकडाचे झाले. मग पोरं ज्या ओट्यावर खेळतात तिथे आर्सेनिक नको, अशी चिंता वाढत गेली आणि २००३च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडातून हे औषध मागे घेतलं गेलं. त्या जागी तांब्याचीच दुसरी मिश्रणं आली. आपल्याकडे आर्सेनिकऐवजी बोरॉन घातलेलं मिश्रणही वापरतात.

बांबूची तऱ्हा वेगळी. त्याला बाहेरून चिवट साल, आतूनही पातळ थर, आणि आडवा रस्ता नाहीच. औषध जाईल ते फक्त लांबीने. शिवाय आत पिष्ट भरलेलं, म्हणून भुंगा लागतो आणि सकाळी वाश्याखाली पिवळट पिठाची रांगोळी पडलेली दिसते. बुरडांना हे ठाऊक होतं. बांबू पावसाळा सरल्यावर तोडायचा, काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा, चुलीवरच्या धुरात राहू द्यायचा. आजची पद्धत म्हणजे आतल्या गाठी लांब सळईने भोसकून बांबू हौदात आठवडाभर किंवा जास्त बुडवणं. हौदात टाकणखार आणि बोरिक ॲसिडचं पाच टक्क्यांच्या आसपासचं द्रावण. किंवा ओल्या, नुकत्याच तोडलेल्या बांबूच्या बुडाला रबरी नळी घट्ट बांधून पंपाने औषध आत ढकलायचं. दुसऱ्या टोकातून आधी झाडाचा रस थेंबथेंब पडतो, मग औषध. फ्रान्सच्या बुशेरी यांनी झाडांसाठी काढलेल्या युक्तीचं हे रूप.

जामच्या वर्धा जिल्ह्यात या कामाला जुनी पार्श्वभूमी आहे. सेवाग्रामचं पहिलं घर, आदि निवास, १९३६ साली आसपास मिळणाऱ्या माती, लाकूड, बांबू, कवेलूत उभं राहिलं. १९७६ साली देवेंद्र कुमार यांनी वर्ध्यात ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ काढलं आणि त्याच साध्या सामानाला विज्ञानाची जोड दिली. बांबू टिकाऊ करणं त्यातलंच. नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे यांनी बांबूला आयुष्य वाहिलं. मेळघाटात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं.

आणि आता हे लाकूड रस्त्यावर आलं आहे. जामहून नंदोरी, खांबाडा ओलांडून वरोऱ्याला पोचलं की तिथून वणीचा रस्ता फुटतो. त्या रस्त्यावर २०२३ साली महामार्गाच्या कडेला लोखंडी पत्र्याऐवजी बांबूचा २०० मीटरचा कठडा बसवला गेला. नाव ‘बाहुबल्ली’. बाल्कोआ जातीचा बांबू, त्याला क्रिओसोट पाजलेलं, वर पुनर्वापरातल्या प्लॅस्टिकचं आवरण. इंदूरजवळ पिथमपूरला त्याची धडक-चाचणी झाली, रुरकीला आगीची. भरधाव गाडी अडवण्याचं काम बांबूवर सोपवायचं, हा विश्वास त्यात मुरवलेल्या औषधाशिवाय कोणी ठेवला नसता.

आगीची चाचणी वेगळी घ्यावी लागते, कारण उधईवरचं औषध आगीवर चालतंच असं नाही. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, त्याच्या इमारतीच बांबूच्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे आग लागली आणि मोठं नुकसान झालं. ती बातमी वाचून मला घरचं कोणी गेल्यासारखं वाटलं.

न्यूझीलंडची गोष्ट खरेदी करणाऱ्याने ऐकावी. तिथली घरं रेडिएटा पाइनची. हा पाइन उपचाराविना दमट हवेत कुजतो. नव्वदच्या दशकात तिथे भिंतीच्या सांगाड्यात नुसतं भट्टीत सुकवलेलं, औषध नसलेलं लाकूड वापरायला मुभा मिळाली. भिंतीत पाणी झिरपलं आणि हजारो घरं आतून कुजली. २००४ साली नियम बदलला. आज तिथे औषध पाजलेल्या लाकडावर वर्गाचा शिक्का असतो: ‘एच-१’ घराच्या आत, ‘एच-३’ बाहेर पण जमिनीच्या वर, ‘एच-४’ जमिनीत पुरायला. गिऱ्हाईक आधी शिक्का बघतं.

आपल्याकडे असा शिक्का सहसा हाती लागत नाही, म्हणून तोंडाने विचारावं लागतं. लाकूड कुठे लागणार ते आधी सांगा. छताखालच्या वाश्याला बोरॉनचं औषध उत्तम, माणसांना त्यातल्या त्यात निर्धोक. पण ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे तीच बल्ली उघड्या कुंपणात दोन-तीन पावसाळ्यांत औषध गमावून बसते. जमिनीत पुरायला तांबं-क्रोमियमवालं घ्या. ब्रशने लावलं की बुडवून, की टाकीत दाबाने, हे विचारा. हिरव्या रंगाला भुलू नका. नमुन्याची बल्ली टोकाला सोडून मधोमध कापून दाखवा म्हणा, कारण टोकाशी औषध नेहमीच खोल जातं. घरी आणल्यावर कापाल तिथे नवं कच्चं तोंड उघडं पडतं. ते औषधाने पुन्हा माखा, आणि कारखान्याचं मूळ टोक मातीत जाऊ द्या, कापलेलं वर. तांब्याच्या औषधाला साधे खिळे लवकर गंजतात, जस्त चढवलेले वापरा. एक गोष्ट आयाबहिणींना जरूर सांगा: उरलेले तुकडे चुलीत घालू नका. आर्सेनिक असेल तर ते धुरात आणि राखेत उतरतं, आणि तीच राख भांड्यांना लागते. जुना स्लीपर कुंपणाच्या फाटकाला चालेल. गुरांच्या गव्हाणीला किंवा घरात नको.

बोरॉन आत पोचलं का, हे डोळ्यांनी दिसत नाही. द्रावण रंगहीन असतं. पण त्याची एक परीक्षा आहे, आणि ती जामच्याच समुद्रपूर तालुक्याशी नातं सांगते. वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीचा पिवळा रंग ज्या कुरक्युमिनचा, तेच द्रव्य प्रयोगशाळेत बोरॉन ओळखायला वापरतात. बांबूची ताजी चकती घ्यायची, तिच्यावर स्पिरिटमध्ये उतरवलेला हळदीचा अर्क फिरवायचा आणि वाळू द्यायचा. त्यावर सॅलिसिलिक ॲसिड घातलेल्या आम्लाचं दुसरं द्रावण. हे मात्र जाणत्या माणसाच्या हातून. थोडं थांबायचं. जिथे औषध नाही तिथे चकती पिवळीच राहते. जिथे पोचलं आहे तिथे ती सालीकडून आत, धाग्याधाग्याने, कुंकवासारखी लाल होत जाते.