धुरकऱ्याचा धीर



कापूस घरात आला, तुरीचे खळे आटोपले, म्हणजे आपल्या वऱ्हाडात पटाचे दिवस येतात. पश्चिम महाराष्ट्रात जिला बैलगाडा शर्यत म्हणतात, तिच्यासारखाच हा आपला शंकरपट. धामणगाव रेल्वे तालुक्यातले तळेगाव दशासर त्यासाठी नावाजलेले आहे, आणि तेथे बायाबापड्यांनीही जोड्या हाकून दाखवल्या आहेत. पटाची गोष्ट निघाली की आपण बैलाचे वाण, त्याची पेंड, त्याचे खूर यांवर तासभर बोलतो. पण जो जोडी हाकतो, त्या धुरकऱ्याच्या मनाविषयी कोणी बोलत नाही. आज तेवढेच बोलू.

समजा, वरूडच्या बाजूचा एक तरुण पहिल्यांदाच पटात उतरला आहे. घरच्या वावरात त्याची जोडी सुतासारखी सरळ जाते. येथे मात्र भोंगा वाजतो आहे, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत आहे. त्याच्या घशाला कोरड पडते. मूठ आवळते, कासरा ताणला जातो, आवाज चिरका होतो. डावा बैल बिचकतो आणि जोडी पट सोडून जाते. परतताना तो म्हणतो, “बैलच बिघडले.” आणि शेजारी बसलेला म्हातारा म्हणतो, “बैल नाही बिघडले गा. तूच कापून राह्यला होता, मंग जोडी कशी थंडी राहीन?”

म्हाताऱ्याचे बोलणे शास्त्रालाही मान्य आहे. जर्मनीत बर्लिन शहरी हान्स नावाचा एक घोडा होता. त्याचा मालक पूर्वी शिक्षक होता. गणित घातले की घोडा पायाने ठोके देऊन उत्तर सांगे. 1904 साली त्याचा मोठा गाजावाजा झाला. मग ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने पारख केली आणि 1907 साली ती प्रसिद्ध केली. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, की घोडाही चुके! ठोके बरोबर संख्येवर आले की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हले आणि घोडा तेवढे टिपून थांबे.

अलीकडे, 2019 साली, स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्रे आणि त्यांच्या मालकिणी यांचे केस तपासले. मनावर दीर्घकाळ ताण राहिला की शरीरातील एका द्रव्याचे प्रमाण वाढते आणि त्याची खूण केसांत उमटते. ज्या मालकिणींच्या केसांत ते प्रमाण जास्त, त्यांच्या कुत्र्यांतही बहुधा जास्तच आढळले. स्पर्धांत उतरणाऱ्या कुत्र्यांत तर हे नाते अधिक घट्ट होते.

हे प्रयोग बैलांवरचे नव्हेत. परंतु आपला बैल काही कमी जाणता नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मागचेही त्याला बरेच दिसते. कान तिखट असतात. आणि कासरा तर थेट वेसणीला बांधलेला! तुमच्या हाताला कंप सुटला, तर तो बैलाच्या नाकापर्यंत पोचणारच.

यात केवळ हारजितीचा प्रश्न नाही. घाबरलेला माणूस मारका होतो. ज्याचा स्वतःच्या तयारीवर भरवसा नाही, त्याचा हात तुतारीकडे जातो, बैलाचे शेपूट पिरगाळतो. असल्या छळामुळेच सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी या शर्यती बंद केल्या होत्या. पुढे 2017 साली राज्याने कायदा केला, 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा ग्राह्य धरला. पण अटी घालून. काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना मनाई आहे. म्हणजे आता धुरकऱ्याजवळ उरला फक्त त्याचा आवाज, त्याचा हात आणि त्याचा धीर.

मग हा धीर आणावा कोठून? तो देवीच्या अंगाऱ्याने येत नाही, की “भिऊ नको” म्हटल्यानेही येत नाही. तो सवयीने येतो.

पहिली गोष्ट अशी की, जोडी जुंपण्याचा क्रम एकच ठेवा. आधी खूर पाहा, मग जू, मग वेसण, मग कासरा. घरी जो क्रम, तोच पटावर. हात ओळखीच्या कामात गुंतले की मन आपोआप खाली बसते.

दुसरी, गलक्याची सवय हळूहळू लावा. आज दोन माणसे उभी करा, आठ दिवसांनी दहा, मग डफडे. बैल बिचकला तर एक पायरी मागे या.

तिसरी, सुटण्यापूर्वी सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. लांब सोडलेल्या श्वासाने छातीची धडधड उतरते. मूठ सैल करून पुन्हा धरा.

चौथी, दुसऱ्याच्या जोडीशी नव्हे, स्वतःच्या मागच्या वेळेशी तुलना करा. शेजाऱ्याचे बैल तुमच्या हाती नाहीत. तुमचा कासरा आहे.

पाचवी, हरलात तर त्याच रात्री वहीत दोन ओळी लिहा : काय जमले, काय चुकले. दोष बैलावर टाकून मोकळे होऊ नका.

आणि बैल लंगडतो असे दिसले, तर नाव मागे घ्या. लोक हसतील. हसू द्या. भरल्या मैदानातून जोडी माघारी नेणे, यालाही छाती लागते.

गुरुजींना एवढेच सांगणे की, भाषणाला उभे राहिलेले मूलही आधी तुमच्या तोंडाकडे पाहते. तुमच्या कपाळावरची आठी त्याला आधी कळते, शब्द मागून. त्यालाही आधी दोघांपुढे बोलू द्या, मग वर्गापुढे, मग सभेपुढे.

पोळ्याला आपण बैलाची खांदेमळणी करतो, हळद-तूप चोळतो. त्याचे ऋण मानतो. पटाच्या दिवशी ते फेडण्याची एक सोपी रीत आहे : आपली भीती त्याच्या खांद्यावर देऊ नये.