संमति म्हणजे केवळ अंगठा नव्हे

शाळेची सहल निघावयाची असली म्हणजे पालकांची सही लागते, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस ठाऊकच आहे. ती सही सहलीपूर्वीं घेतात. कोठें जावयाचें व खर्च किती, हें चिठ्ठींत लिहिलेलें असतें. आणि ‘मुलास पाठवीत नाहीं’ असें कळविण्यास पालक मोकळे असतात. सहल निघून गेल्यावर, अगर कोऱ्या कागदावर घेतलेल्या सहीस कोणी संमति म्हणणार नाहीं. हाच नियम पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीस लावला तर काय दिसतें, तें आपण पाहूं.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. आज महापे म्हटलें कीं कारखाने व संगणकाच्या कचेऱ्या डोळ्यांपुढें येतात. परंतु पारसिकच्या डोंगराजवळचें हें मूळचें शेतकऱ्यांचें गांव. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें व या पट्ट्यांत औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांची जमीन घेण्याचें ठरलें. त्या वेळच्या कायद्यांत मालकानें हरकत नोंदवावी व मोबदला घ्यावा, एवढीच सोय होती. संमतीची अट नव्हती. असंतोष वाढत गेला. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उरण तालुक्यांत आंदोलन झालें व गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. जें आधीं एकत्र बसून ठरवावयाचें, तें रक्त सांडल्यावर ठरलें.

या भूमिपुत्रांत बहुसंख्य आगरी व कोळी. त्यांच्यापाशीं निदान सातबाऱ्याचा उतारा तरी होता. परंतु याच डोंगरपट्ट्यांत रबाळ्याच्या कातकरीपाड्यासारखे आदिवासींचे पाडे आहेत. ज्याच्या नांवावर जमीनच नाहीं, त्यानें हरकत कशाच्या आधारें घ्यावी? मोबदला कागदाच्या मागें जातो. माणसाच्या मागें जात नाहीं. म्हणूनच संमति केवळ खातेदारास न विचारतां सर्व गांवास विचारावी, हा विचार पुढें आला.

१९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांत भूसंपादनापूर्वीं ग्रामसभेचा अगर पंचायतीचा सल्ला घेणें आवश्यक केलें. सल्ला ऐकून बाजूस ठेवतां येतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानें त्या क्षेत्रासाठीं पूर्वसंमतीची अट घातली. २००७ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या जाहीरनाम्यानेंही आदिवासींची मुक्त, पूर्व व माहितीपूर्ण संमति मान्य केली होती. भारतानें त्याच्या बाजूनें मत दिलें. ओडिशांतील नियमगिरी डोंगरावर खाण काढावयाची होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निकालानुसार तेथील बारा ग्रामसभांस विचारण्यांत आलें. बाराही ग्रामसभांनीं नकार दिला, आणि डोंगर राहिला. ‘नाहीं’ म्हणतां येतें, तेव्हांच ‘होय’ या शब्दास मोल येतें.

परंतु अनुसूचित क्षेत्राची सीमा नकाशावर आंखलेली असते. शहापूर तालुका तिच्या आंत, ठाणें तालुका बाहेर. एकाच जमातीच्या दोन कुटुंबांपैकीं शहापुराकडील कुटुंबास जी अट संरक्षण देते, ती रबाळ्याच्या कुटुंबास देत नाहीं. कायद्याची रेषा संपली म्हणून न्यायबुद्धीनेंही तेथेंच थांबावें काय?

आमच्या विद्यार्थ्यांस यांत एक काम आहे. घरीं अगर शेजारीं सरकारी नोटीस आली, तर ती वडीलधाऱ्यांस मोठ्यानें वाचून दाखवा. अवघड शब्द बोलीभाषेंत सांगा. सहीपूर्वीं तीन प्रश्न विचारावयास शिकवा : काम सुरू होण्याआधीं विचारीत आहेत काय? सर्व गोष्टी समजल्या काय? नकार दिला तर चालेल काय? तिन्हींचें उत्तर ‘होय’ असेल, तरच ती संमति; एरव्हीं तो कागदावरचा शाईचा डाग होय.