मालखान्यातील सोने आणि कोठडीतील माणूस

फाळणीच्या धुमाळीत, सप्टेंबर १९४७ मध्ये, सोनेचांदी विकण्यासाठी मेरठला उतरलेल्या अमृतसरच्या एका पेढीच्या भागीदारास पोलिसांनी संशयावरून पकडले आणि त्याच्याजवळचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने मुद्देमाल म्हणून जप्त करून मालखान्यात ठेवले; पुढे तो सुटला, चांदीही परत मिळाली, परंतु सोने घेऊन तेथील जमादार पाकिस्तानात पसार झाला. पेढीने सरकारवर दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचा हलगर्जीपणा मान्य केला आणि तरीही दावा फेटाळला; कारण अटक व जप्ती ही सार्वभौम सत्तेची कृत्ये असून त्यांतून उद्भवणाऱ्या नुकसानीस राज्य उत्तरदायी नाही, हे कंपनी सरकारच्या काळापासून चालत आलेले तत्त्व घटनेच्या ३०० व्या अनुच्छेदानेही कायम राखले होते. निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर या परिणामाने स्वतःच असमाधानी होते, व कायदेमंडळाने यावर उपाय योजावा, अशी अपेक्षा त्यांनी त्यातच नमूद केली. विधेयक मांडले गेले. कायदा मात्र झाला नाही.

सोने गेले तर पुन्हा मिळविता येते; गेलेला जीव मात्र नाही. १९८७ च्या डिसेंबरात ओडिशात पोलिसांनी चौकशीसाठी नेलेला बावीस वर्षांचा तरुण दुसऱ्या दिवशी रेल्वेरुळांवर मृतावस्थेत आढळला, तेव्हा त्याच्या मातेने धाडलेल्या पत्रालाच याचिका मानून न्यायालयाने १९९३ साली दीड लाख रुपयांची भरपाई देवविली, आणि जीविताचा मूलभूत हक्क हिरावला गेला असता सार्वभौमत्वाची ढाल राज्याच्या कामी येणार नाही, असे निःसंदिग्धपणे बजावले.

परंतु ही रक्कम येते सरकारी खजिन्यातून, म्हणजे तुमच्याआमच्या करांतून. अंमलदाराच्या खिशाला तिची झळ सहसा लागत नाही, आणि कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर खटला भरावयाचा तर बहुधा सरकारचीच पूर्वमंजुरी लागते. प्रामाणिक अधिकाऱ्यास खोट्या फिर्यादींपासून संरक्षण हवे, हे मला मान्य आहे. कोठडीत माणसाला मारहाण करणे हे मात्र कोणत्याही अर्थाने कर्तव्य नव्हे, आणि अशा प्रकरणी भरपाई दोषी व्यक्तीच्या वेतनातून वसूल झालीच पाहिजे.

कोठडीतील असे अत्याचार रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा लेखी पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, आप्तास खबर व दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. तर प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत आरोपीस दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याची आज्ञा घटनेच्या २२ व्या अनुच्छेदातच आहे. घरातील कोणास पोलिसांनी नेले, तर वाचकहो, अटकेची वेळ लिहून ठेवा, पंचनाम्याची प्रत मागा आणि वकिलास त्याच दिवशी गाठा.