किमोनंतर पाय बधिर झालेत? हात धरा, पावली टाका



मागच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक चालू होती. आमच्या गटातली एक ताई पायरी चढून आत आली. तिच्या एका पायात चप्पल होती, दुसरा पाय उघडा. चप्पल बाहेर वाटेतच निसटली होती आणि तिला पत्ता नव्हता. खाली बसल्यावर कुणीतरी म्हणालं, "अगं, तुझ्या तळव्यातनं रक्त येतंय." काच लागली होती. ताईला दुखलंसुद्धा नव्हतं.

ताईला छातीचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, किमो झाली, डॉक्टर म्हणाले आता बरी आहेस. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण ताईच्या पायातलं बळ गेल्यासारखं झालं होतं. ती दोनदा न्हाणीत पडली, एकदा बांधावरून घसरली. घरात बोलणी सुरू झाली, "रिपोर्ट चांगले आलेत, आता कसलं दुखणं? कामाला नको म्हणून सोंग." मग ताईने गटातही येणं कमी केलं. तिला वाटायचं, रस्त्यात पडलो तर लोक हसतील.

हे सोंग नव्हे आणि मनाचे खेळही नव्हेत. याला कारण आहे आणि यावर करण्यासारखंही बरंच आहे. म्हणून हा लेख.

पायालाच का होतं?

आपल्या अंगात रक्ताच्या शिरा असतात तशाच निरोप नेणाऱ्या नसाही असतात. त्यांना मज्जातंतू म्हणतात. पायाखाली खडा आहे, जमीन ओली आहे, पाणी कढत आहे, हा निरोप तळव्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत आणि तिथून मेंदूपर्यंत त्या पोचवतात. कंबरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी नस जवळपास मीटरभर लांब असते. अंगातल्या सगळ्यात लांब नसा याच.

नसेच्या आत अतिशय बारीक रुळांसारखी रचना असते. त्यावरून नसेला लागणारं सामान थेट टोकापर्यंत जातं. कॅन्सरच्या पेशीला वाढताना, एकीच्या दोन होताना हीच रचना लागते. पॅक्लिटॅक्सेल, डॉसिटॅक्सेल ही छातीच्या कॅन्सरला नेहमी दिली जाणारी औषधं तिच्यावरच घाव घालतात. कॅन्सरची पेशी मरते, पण नसेच्या आतली वाहतूकही बिघडते. आता पाटाचं पाणी आठवा. पाटात बिघाड झाला की सगळ्यात आधी शेवटचा वाफा कोरडा पडतो. तसंच इथे होतं. आधी पायाची बोटं, मग तळवा, मग हाताची बोटं. ऑक्सॅलिप्लॅटिन, सिस्प्लॅटिन, व्हिंक्रिस्टिन या औषधांनीही नसांना इजा होते.

बायका हे आपापल्या शब्दांत सांगतात. "मुंग्या येतात." "कापसावर चालल्यागत वाटतं." "मोजा घातलाय असं वाटतं, पण पायात काहीच नसतं." "सुया टोचतात, रात्री आग होते." हातालाही झालं असेल तर ब्लाउजचं हूक लागत नाही, सुईत दोरा जात नाही, भाकरी थापताना चटका कळत नाही.

पुष्कळ जणींचा त्रास काही महिन्यांत कमी होतो. काहींचा वर्षानुवर्षं राहतो. ऑक्सॅलिप्लॅटिनसारख्या औषधांत तर किमो संपल्यावरही काही महिने तो वाढू शकतो. तेव्हा "किमो संपली, आता कसला त्रास?" असं कुणी म्हणालं तर त्यांना हे सांगा.

तोल जातो तो कसा?

उभं राहायला आपल्याला तिघांची मदत असते. डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि तळपाय. तळपायाचा निरोप आला नाही की सगळा भार डोळ्यांवर येतो. म्हणून अशी बाई दिवसा उजेडात बरी चालते, पण लाईट गेली की अडखळते. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की न्हाणीत झोक जातो. डोक्यावर हंडा असला की खाली बघता येत नाही आणि पाय चुकतो.

एकदा पडलं की भीती बसते. भीतीने चालणं कमी होतं, त्यामुळे पायातली ताकद कमी होते आणि पुन्हा पडायचा धोका वाढतो. हे चक्र तोडायचं कसं, हा खरा प्रश्न आहे.

नाचाचा उपयोग कसा होतो?

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात वर्थन-चौधरी नावाच्या संशोधक बाई आहेत. त्या आधी नर्तकी होत्या. किमोने पाय बधिर झालेल्या लोकांना त्यांनी टँगो नावाचा नाच शिकवून पाहिला. हा नाच मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना-उरुग्वे भागातला. कंपवाताच्या रुग्णांना तोल सावरायला टँगोचा उपयोग होतो, हे अमेरिकेतल्याच दुसऱ्या संशोधकांनी त्याआधी दाखवलं होतं.

टँगोच का? कारण या नाचात उड्या नाहीत. दोघं एकमेकांना धरून चालतात. एक पाऊल टाकायचं, सगळं वजन त्या पायावर नीट घ्यायचं, क्षणभर थांबायचं आणि मगच दुसरं पाऊल. पुढे, मागे, बाजूला. जोडीदार धरलेला असतो म्हणून पडायची भीती नाही. गाण्याचा ठेका असतो म्हणून पाऊल कधी टाकायचं ते कान सांगतो. आणि मजा येते, म्हणून माणूस पुन्हा यायला तयार होतो. नुसता व्यायाम सांगितला तर चार दिवसांत सुटतो, हे आपण सगळ्या जाणतो.

सुरुवातीला लहान गटांवर झालेल्या या कामात, नाचणाऱ्यांचं उभं राहिल्यावर डोलणं काही आठवड्यांत कमी झालेलं दिसलं.

जर्मनीत १५८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात नाच नव्हता, तोल सांभाळायचे व्यायाम होते आणि ते किमो चालू असतानाच करून घेतले होते, आठवड्यातून दोनदा. ज्यांनी व्यायाम केला नाही त्यांच्यातल्या शंभरातल्या सुमारे ७० जणांना नसांचा त्रास झाला. तोलाचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात ३० होतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. नाचाने मेलेली नस जिवंत होते असं नाही. बधिरपणा राहूही शकतो. पण तळव्याकडून येणारा निरोप तोकडा पडला तरी घोटा, गुडघा, कंबर, डोळे, कान या सगळ्यांकडून काम कसं करून घ्यायचं, हे मेंदू सरावाने शिकतो. ताकद परत येते आणि भीती कमी होते. पडणं टळलं तर हाड मोडणं टळतं, आणि आपल्या घरात बाईचं हाड मोडणं म्हणजे काय ते सांगायला नको.

आपल्या अंगणात काय करता येईल?

टँगो शिकायला कुठे जायची गरज नाही. हळू पाऊल, वजन बदलणं, धरलेला हात आणि ठेका, हे चारही आपल्याकडे आहेत. भोंडल्याचा फेर आहे, दिंडीतली पावली आहे. फुगडी आणि झिम्मा मात्र सध्या नको. गिरकी आणि उडी बधिर पायाला झेपत नाही.

आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय असेल तर एकदा दाखवून घ्या. हाडात आजार पसरला असेल, रक्तातल्या पेशी कमी असतील, ताप असेल, चक्कर येत असेल तर परवानगीशिवाय सुरू करू नका.

मग असं करा:

१. सपाट, कोरडी, उजेडाची जागा घ्या. पायात मागे पट्टा असलेली घट्ट सँडल किंवा बूट. समोर एक मैत्रीण, बाजूला भिंत.

२. दोघींनी एकमेकींचे हात कोपराजवळ धरा. ज्या बाजूचं ऑपरेशन झालंय तो हात ओढायचा नाही.

३. जागेवरच वजन डाव्या पायावर, मग उजव्या पायावर. सावकाश, आठ वेळा.

४. एक पाऊल पुढे, वजन घ्या, थांबा. परत मागे. टाळ, टाळी किंवा तोंडाने ठेका धरा.

५. बाजूला पाऊल टाका, दुसरा पाय जवळ आणा. चार पावलं इकडे, चार तिकडे. पाय एकमेकांवरून न्यायचा नाही.

६. जमू लागलं की चार-पाच जणी मिळून हळू फेर धरा. मग पावलं टाकता टाकता गाणं म्हणा. गाणं आणि पाऊल एकत्र सांभाळणं हाही मेंदूचा सराव आहे.

सुरुवातीला दहा मिनिटं पुरे, आठवड्यातून दोन-तीनदा. दम लागला की बसायचं.

पायाची काळजी

रोज रात्री तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा मुलीला बघायला सांगा. अंघोळीचं पाणी कोपराने तपासा, पायाने नाही. गरम विटेचा शेक, चुलीजवळ पाय धरणं, बिब्बा लावणं, हे सगळं बंद. चटका कळत नाही आणि जखम चिघळते. शेतात अनवाणी जाऊ नका. रात्री उशाला बॅटरी ठेवा. न्हाणीत खरखरीत फरशी आणि धरायला दांडा असू द्या.

डॉक्टरांना काय सांगायचं?

किमो चालू असतानाच मुंग्या सुरू झाल्या तर लपवू नका. डॉक्टर डोस कमी करू शकतात किंवा औषध बदलू शकतात. मात्र आपल्या मनाने डोस चुकवायचा नाही. साखर आणि बी-१२ तपासून घ्या, त्यांच्यामुळेही मुंग्या येतात. आग आणि दुखणं फार असेल तर ड्युलोक्सेटिन नावाची गोळी डॉक्टर देऊ शकतात. मेडिकलमधून "नसांच्या ताकदीची" गोळी परस्पर आणू नका. असिटिल-एल-कार्निटिन नावाचं औषध किमोच्या काळात दिल्याने हा त्रास उलट वाढल्याचं एका अभ्यासात दिसलं आहे.

आणि हे नीट लक्षात ठेवा. पाठ एकाएकी खूप दुखू लागली, पाय लुळे पडू लागले, लघवी-संडासवर ताबा राहिला नाही, तर सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा.

आमच्या ताईचं काय झालं?

तिच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर गटातल्या दोघी आठवड्यातून तीनदा संध्याकाळी तिच्या अंगणात जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी ती लाजली. "या वयात नाचू काय?" म्हणाली. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनीच टाळ काढून दिला. बोटं अजून बधिर आहेत. पण ताई रात्री एकटी उठून बाहेर जाऊन येते, आणि बैठकीला चालत येते. चप्पलला मागून पट्टा लावून घेतलाय.

सख्यांनो, तुमच्या गटात, वस्तीवर किमो झालेली कुणी असेल तर तिला एवढंच विचारा, "पायाला कळतं का गं?" ती बोलायला लागेल. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की हा लेख मोठ्याने वाचून दाखवा, आणि घरी नेऊन घरच्यांनाही ऐकवा.